मातीची पट्टी

२ जानेवारी १९७८, अल्लीपूर

मधूनं भिलाईहून कारखान्याची डायरी पाठवली. सोबत चिठ्ठी, 'बाबा, वेळ जात नसेल तर लिहीत जा.' वेळ जात नाही हे याला कोणी सांगितलं? माझा वेळ उत्तम जातो. सकाळी माती चाळतो, दुपारी भिजवतो, संध्याकाळी लोकांच्या पोटावर ठेवतो. तरी कोरी पानं वाया जाऊ देणं मास्तरकीच्या रक्तात नाही, म्हणून लिहितो.

शाळेतून निवृत्त झालो त्याच वर्षी माझी बायको शरयू गेली. घसा सुजला होता, अंगात ताप होता, बाकी काही नाही. शहरातल्या एका दवाखान्यात तिला सुई टोचली आणि सुई निघते न निघते तोच तिचा श्वास अडकला. लाखात एखाद्याला असं होतं म्हणे. लाखातली ती एक माझीच निघाली. पुढे मी वर्ध्याला निसर्गोपचाराचं शिबिर केलं, घरासमोरच्या ओट्यावर पाटी लावली, 'येथे सुई व गोळी नाही', आणि गावाला बरं करायला बसलो.

येणाऱ्याला आधी संकल्प करावा लागतो. तळहातावर तुळशीचं पान, त्यावर पाणी, आणि म्हणायचं, 'गोळी घेणार नाही, सुई घेणार नाही, निसर्ग हाच वैद्य.' मग ते पाणी ताम्हनात सोडायचं. नियम म्हणजे नियम. शाळेतही माझा असाच दरारा होता.

आज दिवसभर कोणी आलं नाही. माती मात्र भिजवून ठेवली होती.

९ जानेवारी

शेजारचे नत्थूजी बरे झाले! छाती कफानं भरली होती, ताप होता, खोकताना डोळ्यांत पाणी यायचं. अडुळशाचा काढा, छातीला शेक, पोटावर माती, जेवण बंद. मधे एकदा हा गृहस्थ तापातच हिंगणघाटच्या बाजाराला जाऊन आला. म्हणाला, बैलाची वेसण आणायची होती. जनावरावर माया असावी तर अशी. बाजाराहून आले आणि पाठोपाठ ताप उतरायला लागला. काढ्याचा गुण यायला थोडा अवधी लागतोच.

आज शेक द्यायला त्यांची बंडी काढली तर खिशातून चमकीच्या कागदाची पट्टी पडली, फोडलेली. नत्थूजी घाईनं म्हणाले, नातवाची चाकलेटं हायत. मी म्हटलं, नातवाला गोड कमी द्या, कफ होतो. ते 'हो जी, हो जी' करत राहिले. आज्ञाधारक रोगी मिळणंही भाग्य आहे.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. तिळगूळ घेऊन दोघी आल्या.

पहिल्या आनंदाबाई, पलीकडच्या गल्लीतल्या. त्यांचे डोळे आले होते, त्रिफळ्याच्या पाण्यानं मी धुवायला सांगितले होते. डोळे छान निवळलेत. पण पापण्यांना पिवळट तुपकट काही माखलं होतं. मी रागावलो, डोळ्यात तूप घालायला कोणी सांगितलं? त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, चुकलं गुरुजी. बायकांना कितीही सांगा, घरगुती अक्कल मधे आणणारच.

दुसऱ्या जयवंताबाई. यांचं काय करावं कळत नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा रूपराव पुलगावच्या गिरणीत, बायकोमुलांसह तिकडेच. ही बाई इथं एकटी शेत बघते. हातपाय चांगले खणखणीत, आणि तरी पुस्तकातला एकही रोग तिनं सोडलेला नाही. गेल्या पावसाळ्यात गुडघा, दिवाळीला कोपर, नंतर पित्त. दोन वर्षं हेच चाललंय, एक बरं झालं की दुसरं उभं. काल काही दुखत नव्हतं, तर ओट्यावर न चढता खालच्या पायरीशीच उभी राहिली, तिळगूळ दिला आणि म्हणाली, "गुरुजी, कानात हवा वाजते, तिलेही दवा राह्यते का?"

मी म्हटलं, कानात हवा वाजणं हा रोग नाही.

"नाई का," असं म्हणून गेली. जाताना चेहरा उतरला होता. रोग नाही म्हटल्यावर दुःखी होणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

३ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडलं नाही. निवडणुकीच्या जीपगाड्या भोंगे लावून फिरतात तेवढाच आवाज.

आज जयवंताबाईंचं खरंखुरं दुखणं आलं. कपाशीची पऱ्हाटी काढलेल्या वावरात चालताना जमिनीत उरलेलं खुट पायात घुसलं, अंगठ्याच्या मागे, चांगलं खोल. लंगडत आल्या आणि ओट्यावर टेकल्या. चेहऱ्यावर वेदना होती, पण बोलल्या मात्र अशा की जणू हळदीकुंकवाला आल्या आहेत. "आता तं दवा द्याच लागते, गुरुजी."

कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुतली, खुटाचा तुकडा काढला, हळद भरली, वर फडकं आणि फडक्यावर माती. संकल्प त्यांनी मागेच केला होता, तरी पुन्हा पाणी सोडलं. एवढ्या मनापासून संकल्प करणारं दुसरं कोणी माझ्याकडे येत नाही. बाकीचे भराभर पुटपुटतात.

६ फेब्रुवारी

जयवंताबाई रोज संध्याकाळी येतात. पट्टी सुकेपर्यंत बसावं लागतं, म्हणून बसतात. शेताचं बोलतात, नवऱ्याचं बोलतात, सुनेचं बोलत नाहीत. आज विचारलं, तुमी सैपाक कसा करता? मी म्हटलं, खिचडी. उद्या? उद्याही खिचडी. त्या हसल्या. मग म्हणाल्या, एकट्या माणसाचा चुलीवर जीव लागत नाई, मीबी कई कई नुसता भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खाते.

पट्टी सुकली होती, सुकून तडे गेले होते, तरी मी सांगितलं नाही. बोलणं अर्धवट तोडणं बरं दिसत नाही.

पाय थोडा सुजलाय.

९ फेब्रुवारी

आज सरकारी दवाखान्याचा नवा डॉक्टर श्रीनिवास स्वतः ओट्यावर आला. पोरसवदा आहे, पण चपला खाली काढून बसला. मला वाटलं भांडायला आला. तर म्हणतो, "गुरुजी, माती लावा, काढे द्या, माझं काही म्हणणं नाही. सर्दीखोकला आपला आपण जातोच. पण कुठं पू धरला, ताप चढला, लाल रेघ वर सरकायला लागली, तर माती थांबवा आणि मला हाक मारा. तेव्हा पेनिसिलिनशिवाय भागत नाही."

पेनिसिलिन. त्यानं ते नाव माझ्या ओट्यावर बसून घेतलं. मी त्याला शरयूची हकीकत सांगितली. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि हळूच म्हणाला, "आधी कातडीखाली थोडं टोचून बघावं लागतं. कधी कधी बघत नाहीत. फार वाईट झालं." मी म्हटलं, तुमच्या वाईट वाटण्यानं ती परत येत नाही, या आता.

तो गेला. उगाच तोडून बोललो. पण बोललो ते बोललो.

१३ फेब्रुवारी

जयवंताबाईंच्या अंगात ताप आहे. जखमेच्या तोंडाशी पू आहे. घोट्याच्या वर लालसर पट्टा दिसला. फडक्याची कड रुतली असेल. फडकं मीच बांधलं होतं, जरा घट्टच बांधलं होतं.

शिबिरात शिकवलं होतं की उपचार लागू पडायला लागले की रोग आधी उसळी मारतो. त्याला उभार म्हणतात. ताप म्हणजे शरीराची झाडलोट. अर्ध्या झाडलोटीत गोळी घेतली तर केर पुन्हा घरात. पुस्तक काढून पुन्हा वाचलं. तसंच लिहिलं आहे. उभारच असणार.

खरं लिहायचं तर मला भीती वाटली. भीती वाटली म्हणून माती जास्त जाड लावली. जयवंताबाईंना विचारलं, फार दुखतं का? "नाई जी. तुमचा हात लय हलका हाय." मग उठताना भिंतीला धरून उठल्या. त्यांच्या जांघेत अवधाणाची गाठही आली आहे असं वाटतं, कारण चालताना पाय फाकवून टाकतात. विचारायला संकोच वाटला.

१५ फेब्रुवारी

आज माझी जी शोभा झाली ती शत्रूची न होवो.

सकाळी चहाच्या टपरीवर दवाखान्याचा कंपाउंडर चंद्रभान बसला होता. चारचौघांत मला म्हणतो, "गुरुजी, तुमच्यामुळे आमच्याकडे गर्दी वाढून राह्यली. सकाळी तुमच्या ओट्यावर तुळशीचं पाणी सोडते अन् दुपारी आमच्या खिडकीतून कॅप्सूल घेऊन जाते." सगळे हसले. नत्थूजी तिथंच होते, ते बशीत बघत बसले. मग हळूहळू सगळं उलगडलं. वेसण नव्हती, चाकलेटं नव्हती, तूप तर नव्हतंच. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते आंधळं मी.

घरी येताना नत्थूजी मागून आले. मी विचारलं, मग माझ्याकडे येत कशाला होता? तर म्हणाले, "तुमी अर्धा घंटा ऐकता न, गुरुजी. दवाखान्यात कोण ऐकते? अन् नाई म्हटलं तं तुमाले वाईट वाटलं असतं." म्हणजे गावानं माझ्यावर दया केली. इतकी वर्षं मी गावाला बरं करत होतो असं समजत होतो, आणि गाव मला सांभाळून घेत होतं.

संध्याकाळी जयवंताबाई आल्या. तापानं डोळे लाल. ओट्यावर बसताना पदराची गाठ सुटली आणि दोन-तीन कॅप्सुला घरंगळत माझ्या पाटापाशी आल्या. लाल-काळ्या, चंद्रभानच्या खिडकीतल्या.

माझं डोकं फिरलं. सकाळचा सगळा राग त्या एकट्या बाईवर काढला. म्हटलं, निदान तुम्ही तरी. सगळ्यांनी फसवलं ते फसवलं, पण तुम्ही पाणी सोडलं ते डोळे मिटून सोडलं होतं. जा आता दवाखान्यात, माझ्या ओट्याची पायरी चढू नका.

त्यांनी कॅप्सुला एक एक करून उचलल्या, पुन्हा पदरात बांधल्या. एवढंच म्हणाल्या, "रागावू नोका. जाते मी." लंगडत गेल्या. पट्टी तशीच राहिली, भिजवलेली माती घमेल्यात तशीच आहे.

१६ फेब्रुवारी

पाटी उतरवली. कोणी विचारलं नाही का उतरवली म्हणून.

१८ फेब्रुवारी

जयवंताबाई आल्या नाहीत. येणार नाहीतच, मीच सांगितलं होतं. कॅप्सुला घेऊन बऱ्याही झाल्या असतील. गरज सरो वैद्य मरो.

संध्याकाळी सवयीनं कडुनिंबाचा पाला खुडून आणला, मग लक्षात आलं. खिचडी केली, ती करपली. ओट्यावर बसलो तर नत्थूजींनी पलीकडून रामराम घातला, मी न ऐकल्यासारखं केलं. मधूला पत्र लिहायला घेतलं, 'येथे सर्व कुशल' याच्या पुढं काही सुचेना. शरयू गेली तेव्हा माणसं येत होती, बसत होती, त्यामुळे दुःखाला काहीतरी काम होतं. हे काय आहे ते समजत नाही. रुसलेल्या माणसाची समजूत काढायला कोणी नसलं की रुसण्यातही राम राहत नाही.

त्यांच्या घरावरून जाऊन यावं असं मनात आलं. मी कशाला जाऊ? चुकल्या त्या.

२१ फेब्रुवारी, वर्ध्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलच्या पडवीत

डायरी पिशवीत होती म्हणून लिहितो.

काल सकाळी आनंदाबाई धावत आल्या. म्हणाल्या, जयवंताच्या घरी गेलती, दार नुसतं लोटलेलं, ती खाटेवर काहीबाही बरळून राह्यली, अंगाला हात लाववत नाही. मी चप्पल न घालता निघालो. वाटेत आनंदाबाई मला काय काय बोलल्या ते सगळं ऐकून घेतलं.

पाय पाहिला. पोटरीपर्यंत लाल, तट्ट फुगलेला, अंगठ्याजवळ काळं पडलेलं, आणि वास. त्यांच्या पायाला माझीच पट्टी होती, त्या दिवसाची, वाळून खडखडीत झालेली. ती त्यांनी सोडली नव्हती.

मी डॉक्टरच्या दवाखान्याकडे पळालो. या वयात पळालो. श्रीनिवास हातातलं काम टाकून, बॅग घेऊन सोबत आला. त्यानं पाय पाहिला आणि विचारलं, काय दिलं? मी म्हटलं, चंद्रभानकडच्या कॅप्सुला घेतल्यात त्यांनी. त्यानं पदराची गाठ सोडली. मोजून पाहिल्या आणि म्हणाला, "आठवड्यापूर्वी दिल्याची वहीत नोंद आहे, तेवढ्याच्या तेवढ्या आहेत, गुरुजी. एकही घेतली नाही."

एकही नाही. सबंध गावात संकल्प पाळणारी ती एकटीच, आणि मी तिलाच हाकललं.

गाडी मिळेना. श्रीनिवासनं रस्त्यात आडवं होऊन प्रचाराची जीप थांबवली, आतली माणसं उतरवली. जयवंताबाईंना मागं आडवं केलं, आनंदाबाईंच्या मांडीवर डोकं. ड्रायव्हर घाबरला होता, त्याला भोंगा बंद करायचं सुचलं नाही. अर्ध्या वाटेपर्यंत आमची जीप अमुक चिन्हावर शिक्का मारा असं ओरडत चालली होती आणि गावोगावची पोरं मागं धावत होती.

हॉस्पिटलात म्हणाले, विष रक्तात चढलंय, आता पेनिसिलिन, लगेच. सिस्टर सुई घेऊन आल्या तेव्हा जयवंताबाईंना जरा शुद्ध आली. त्यांनी दंड मागं घेतला. "नाई. सुई नाई. गुरुजीसमोर पाणी सोडलं हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढं झालो. मला त्या पांढऱ्या ट्रेमध्ये शरयू दिसत होती. ही सुई टोचू द्या म्हणून सांगायचं, आणि हिचाही श्वास अडकला तर? मी विचारलं, आधी टोचून बघता ना? तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, बघतो, बाबा, तुम्ही सांगायच्या आधीच काढलीय ती सुई. कातडीखाली एक बारीक फोड उठवला आणि वाट पाहिली. इतकी वाट मी आयुष्यात पाहिली नाही. फोड वाढला नाही.

मी म्हटलं, "जयवंताबाई, तो संकल्प माझा होता. मी मोडतो. सुई घ्या."

"तुमी राग धरला होता माह्यावर."

"राग नाही. माझी अक्कल नाही जागेवर. घ्या सुई."

"राग नाई न? मंग टोचा म्हणा."

सुई टोचली. मी त्यांच्या छातीकडे बघत उभा होतो, वर जाते, खाली येते, वर जाते. सिस्टर म्हणाल्या, बाबा, बसा आता, नाहीतर तुमच्यासाठी खाट लावावी लागेल.

२२ फेब्रुवारी

त्यांना अजून ताप आहे. रूपराव पुलगावहून आला. श्रीनिवासनं तार केली होती. मी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो शांत माणूस आहे. म्हणाला, "तुमी मुद्दाम थोडीच केलं, गुरुजी." यापेक्षा शिवी बरी होती.

डॉक्टर म्हणतात, दोन बोटं जातील, पाय वाचेल बहुतेक. बहुतेक हा शब्द मला आता आवडेनासा झाला आहे.

२५ फेब्रुवारी

बोटं काढली. ताप उतरला! रोज सुया चालू आहेत. आज गावात मतदान, मी गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मत चुकवलं.

दुपारी रूपराव चहा आणायला गेला होता. मी स्टुलावर बसलो होतो. न राहवून विचारलं, गोळ्या जवळ होत्या, अंग जळत होतं, घेतल्या का नाहीत? माझ्यावर एवढा विश्वास कशासाठी?

त्या वर पत्र्याकडे बघत पडल्या होत्या. म्हणाल्या, "इस्वास कायचा, गुरुजी. माती लावून पाय बरा होत नाई, हे का मले समजत नव्हतं? चंद्रभान म्हणे, घे, तीन दिवसात बरी होशीन. म्हणूनच नाई घेतल्या. बरी झाली असती तं तुमच्या ओट्यावर कोणत्या तोंडानं आली असती? दुखणं नसलं तं बाई काऊन बसते अठी, असं पुसत नाई का गाव?"

मी म्हटलं, बोलू नका, थकवा येईल.

तापातून उठलेलं माणूस काहीही बोलतं. वळून पाहिलं तर रूपराव चहाचे दोन पेले घेऊन दाराशी उभा होता. केव्हा आला होता ते माहीत नाही. त्यानं एक पेला मला दिला, दुसरा आईला. स्वतःसाठी आणला नव्हता.

३ मार्च, अल्लीपूर

रूपराव आईला हॉस्पिटलातून परस्पर पुलगावला घेऊन गेला. शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देणार म्हणतो. ते योग्यच आहे, मुलाचं कर्तव्य आहे ते. निघताना मी गाडीपर्यंत गेलो होतो. तो म्हणाला, "आता तुमाले तरास नाई, गुरुजी." जयवंताबाईंनी हात जोडले. मीही जोडले. एवढंच.

८ मार्च

ओट्यावर माणसं येतात! पाटी नाही, संकल्प नाही, तरी येतात. नत्थूजी आज कफाच्या औषधाची बाटली खुशाल खिशातून काढून दाखवत होते, आणि श्रीनिवासला विचारून मी त्यांना वाफ घ्यायला सांगितली. आनंदाबाईंनी भाजी आणून दिली. मी सगळ्यांचं ऐकतो. ते गेले की ओटा झाडतो. खालची पायरी झाडताना थांबतो, काय राहिलं आहे ते आठवत नाही.

असं लिहिलं खरं, पण ते खोटं आहे. आठवतं.

गुडघा, कोपर, पित्त, कानातली हवा. मी मास्तर माणूस, पोरांच्या पाटीवरून त्यांच्या घरचं ओळखायचो. आणि एक बाई दोन वर्षं माझ्यासमोर बसून एकच गोष्ट सांगत होती, ती मी रोगांच्या यादीत शोधत होतो. तिला यायला निमित्त लागत होतं. आणि मला? मी सुकलेली पट्टी का काढत नव्हतो?

१५ मार्च

पुलगावला जाऊन यावं असं रोज ठरवतो. जखम कशी आहे ते बघायला? ती बघायला तिथं डॉक्टर आहेत. काढा द्यायला? कोणत्या तोंडानं. गुळवेल, मध, अडुळसा, एक एक वस्तू पिशवीत भरतो आणि काढून ठेवतो. एकटा पुरुष, परक्या जातीची विधवा, तिच्या मुलाच्या घरी काय म्हणून जाणार? आज आरशात जीभ काढून पाहिली, एखादं दुखणं असतं तर बरं झालं असतं. प्रकृती ठणठणीत आहे, काय करता.

आज कळलं की निमित्त शोधणं किती थकवणारं काम आहे. ती बाई ते दोन वर्षं करत होती.

१९ मार्च, रविवार

पुलगावला जाऊन आलो.

गिरणीला सुटी म्हणून आजचा दिवस धरला. पिशवीत काही घेतलं नाही. एसटीनं वर्धा, तिथून पॅसेंजर. गाडीत सारखं घोकत होतो की विचारलं तर काय सांगायचं, आणि स्टेशन येईपर्यंत घोकलेलं सगळं सोडून दिलं.

चाळीत रूपरावची खोली सापडली. बाहेर पोरं खेळत होती. रूपराव दारात आला, मला पाहून गडबडला. मान देऊन बोलला, पण दाराच्या चौकटीतून हलला नाही. बाहेरच खुर्ची आणून ठेवली. सुनेनं पाणी आणलं. शेजारची माणसं आपापल्या दारातून बघत होती.

"काही काम काढलं, गुरुजी?" त्यानं विचारलं.

"काम नाही," मी म्हटलं. "जयवंताबाईंना भेटायला आलो."

"पायाची पट्टी पाहाले?"

"पट्टीचं मला काय कळतं. त्यांनाच भेटायला आलो."

माझा आवाज शाळेतल्यासारखा मोठा निघाला. शेजारच्या दारातल्या बाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. रूपरावनं एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याला राग आला नव्हता, लाज वाटत होती, आणि ती माझ्यासाठीही वाटत होती हे मला दिसत होतं. भला माणूस आहे तो. खाली बघत हळूच म्हणाला, "गुरुजी, माय झोपली हाय. दवाईनं झोप येते तिले. मी सांगतो तुमी आलते म्हणून."

मी उठलो. झोपलेल्या माणसाला काय उठवायचं. बरं म्हटलं, प्रकृती जपा म्हटलं, आणि चाळीच्या पायऱ्यांकडे वळलो.

तेवढ्यात आतून आवाज आला, चाळीतल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल असा.

"मी जागी हावो, रूपराव."

रूपराव तसाच उभा राहिला, मग चौकटीवरचा हात त्यानं काढून घेतला. मी चपला काढल्या आणि आत गेलो.